कॉम्प्युटर मास्तर आणि वर्गातल्या बाई

आजचा भाग माझ्या ताईच्या एका फोनमुळे झालाय.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. वर्गात ३४ मुलं. एका रात्री तिचा फोन आला. "अरे, आमच्या शाळेत बारा टॅब आलेत. त्यात गणिताचं सॉफ्टवेअर आहे. मुलाला गणित देतं, चुकलं की सांगतं, कुठे अडलंय ते ओळखतं म्हणे. मीटिंगमध्ये एक जण म्हणाला, चला, आता बाईंना सुट्टी! सगळे हसले. मीही हसले. पण घरी आल्यावर डोक्यातून जाईना. तू एवढा इतिहास वाचतोस ना, मग सांग, हे असं आधी कुणी करून बघितलंय का? आणि काय झालं त्याचं?"

मी म्हटलं, "ताई, दोन दिवस दे." दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. कारण उत्तर शोधायला गेलो आणि थेट शंभर वर्षं मागे जाऊन पोचलो.

त्याआधी माझी एक आठवण सांगतो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांची तीच असेल. आमच्या शाळेत कॉम्प्युटरची खोली होती. चपला बाहेर काढून, रांगेनं आत जायचं. कॉम्प्युटरवर कापडी कव्हरं. आठ मशीन, त्यातली चालू तीन. एका मशीनला पाच जण, आणि माउस ज्याच्या हातात तो राजा. पेंटमध्ये घर, डोंगर आणि सूर्य काढला की तास संपला, खोलीला कुलूप. त्याच वर्षी मला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. छेद वेगळे असले की घाम फुटायचा. शेजारच्या खोलीतल्या मशीनचा माझ्या अपूर्णांकांशी काही संबंध असू शकतो, हे ना मला सुचलं, ना कुणा मोठ्या माणसाला. गंमत म्हणजे ही कल्पना तेव्हा सत्तर-ऐंशी वर्षं जुनी झालेली होती.

तर सुरुवात करूया अमेरिकेतून, १९२० च्या दशकातून. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत सिडनी प्रेसी नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी टाइपरायटरसारखं दिसणारं एक यंत्र बनवलं. छोट्या खिडकीत प्रश्न दिसायचा, खाली चार बटणं, चार पर्याय. यंत्र एका पद्धतीनं लावलं की बरोबर बटण दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न यायचाच नाही. आणि ठरावीक उत्तरं बरोबर आली की एक गोळी बाहेर! हो, खायची गोळी. आज तुमच्या ॲपवर जे चमकणारे स्टार येतात ना, त्यांची ही पणजी.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रेसींना शिक्षकांना घरी पाठवायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की पेपर तपासणं आणि तीच तीच उजळणी घेणं यात शिक्षकांचा जीव जातो. ते ओझं यंत्रानं उचलावं, म्हणजे शिक्षकांना मुलांकडे बघायला वेळ मिळेल. पण पुढे महामंदी आली. नोकऱ्या नाहीत, शाळांकडे पैसे नाहीत, तिथे यंत्र कोण घेणार? १९३२ च्या सुमारास प्रेसींनी नाद सोडला.

दुसरा प्रसंग १९५३ चा. हार्वर्डचे प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या शाळेत पालक म्हणून गेले. चौथीचा गणिताचा वर्ग. मागे बसून बघताना त्यांना दोन गोष्टी खटकल्या. एक, ज्यांचं झालंय ती मुलं कंटाळून बसलीयेत आणि ज्यांना येत नाही ती चुळबुळ करतायत, पण सगळ्यांना चालायचंय एकाच वेगानं. दोन, आत्ता सोडवलेलं गणित बरोबर की चूक, हे मुलाला आत्ता कळतच नाही. वही तपासून येणार, तेव्हा. तोवर चूक पक्की झालेली. स्किनर घरी गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी शिकवणाऱ्या यंत्राचा पहिला नमुना तयार केला.

मंडळी, वर्ग अमेरिकेतला, साल १९५३. पण ताईच्या ३४ मुलांच्या वर्गात आज मागच्या बाकावर जाऊन बसलात, तर तुम्हालाही हेच दिसेल. शिक्षक वाईट आहेत म्हणून नाही. एका माणसाला ३४ डोक्यांत एकाच वेळी डोकावता येत नाही म्हणून.

आत्तापर्यंत ही नुसती यंत्रं होती. कॉम्प्युटर आला १९६० मध्ये, इलिनॉय विद्यापीठात. डोनाल्ड बिट्झर नावाच्या तरुण इंजिनिअरनं प्लेटो नावाची प्रणाली सुरू केली. पहिल्या आवृत्तीत एका वेळी एकच विद्यार्थी बसू शकायचा, दुसरीत दोन. पण १९७२ पर्यंत तिला चक्क बोटानं दाबायचा पडदा आला. तो ज्या प्लाझ्मा डिस्प्लेचा, त्याचा शोधही याच कामातून लागला होता. १९७३ पर्यंत त्यावर चॅट आणि चर्चा सुरू झाल्या, गेमही आले. इंटरनेट घराघरात यायच्या वीस वर्षं आधी! अडचण एकच, खर्च. कंट्रोल डेटा नावाच्या कंपनीनं यात प्रचंड पैसा ओतला, पण शाळांना काही ते परवडलं नाही.

त्याच काळात कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट्रिक सपीज नावाचे तत्त्वज्ञ होते. तत्त्वज्ञ आणि कॉम्प्युटर? हो. १९६५ मध्ये त्यांनी एका शाळेत चौथीच्या ४१ मुलांसाठी एक टेलिटाइप ठेवला. टेलिटाइप म्हणजे कागदावर खडखड छापणारा टाइपरायटर, टेलिफोनच्या तारेनं विद्यापीठातल्या कॉम्प्युटरला जोडलेला. मुलानं यायचं, काही मिनिटं गणितं सोडवायची, जायचं. धडा नेहमीसारखा वर्गात शिक्षकच शिकवणार, कॉम्प्युटर फक्त सराव घेणार.

पुढच्या वर्षी सपीजनी एक लेख लिहिला, आणि त्यातलं भाकीत आजही लोक सांगतात. सिकंदर राजपुत्र होता, म्हणून त्याला शिकवायला खुद्द ॲरिस्टॉटल मिळाला. तर थोड्याच वर्षांत लाखो शाळकरी मुलांना तसाच जाणता खासगी शिक्षक कॉम्प्युटरच्या रूपानं मिळेल, असं त्यांचं म्हणणं होतं. हे १९६६ चं बरं का. आजच्या एआयच्या जाहिराती ऐका, वाक्यं फारशी बदललेली नाहीत.

पण सपीजच्या भाकितापेक्षा त्यांचा एक निकाल मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हाच सराव त्यांनी मिसिसिपी राज्यातल्या गरीब भागातल्या शाळांतही चालवला. फायदा कुठे जास्त झाला? मिसिसिपीत. कॅलिफोर्नियाच्या शाळांत मुलांना इतरही आधार होता. जिथे दुसरं कुणी सराव घेणारं नव्हतं, तिथे ती खडखडणारी तार जास्त कामाला आली.

आता एक छोटासा हिशेब समजून घेऊ, म्हणजे पुढचे आकडे सोपे जातील. समजा १०० मुलं मार्कांप्रमाणे रांगेत उभी केली, सगळ्यात कमी मार्कवालं पहिलं, सगळ्यात हुशार शंभरावं. आपलं मूल बरोबर मध्ये, ५० व्या जागी. आता या मुलाला एखादी जास्तीची मदत दिली, बाकीच्यांना नाही. तर ते कितव्या जागी पोचेल? एवढाच प्रश्न. पुढचे सगळे आकडे मी याच रांगेत सांगणार आहे, अंदाजे.

१९८४ मध्ये शिकागोचे बेंजामिन ब्लूम यांनी एक निबंध लिहिला. एका मुलाला एक शिक्षक, आणि नीट आल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं केलं तर ५० व्या जागेवरचं मूल ९८ व्या जागी पोचतं, असा त्यांचा दावा. अख्खं जग हललं. नंतरच्या अभ्यासांत इतका मोठा फरक काही दिसला नाही. २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन यांनी बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले. खासगी शिक्षकामुळे मूल साधारण ७९ व्या जागी जातं, आणि चांगलं शिकवणी सॉफ्टवेअर जवळपास तिथेच पोचवतं. म्हणजे चमत्कार नाही, पण थोडंथोडकंही नाही.

मग प्रश्न मिटला? नाही. कारण सॉफ्टवेअर चांगलं असणं वेगळं आणि ते वर्गात चालणं वेगळं. हे ज्या गावानं शिकवलं, ते म्हणजे पिट्सबर्ग.

१९८० च्या दशकात तिथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉन अँडरसन आणि त्यांचे सहकारी मुलाची प्रत्येक पायरी तपासणारं सॉफ्टवेअर बनवत होते. नुसतं उत्तर चूक आहे हे नाही, तर कुठल्या पायरीवर आणि कुठल्या गैरसमजामुळे चुकलं, हे ओळखणारं. भूमितीचं असं सॉफ्टवेअर शहरातल्या एका हायस्कूलमध्ये आलं, तेव्हा जेनेट स्कोफील्ड नावाच्या सामाजिक मानसशास्त्रज्ञ तिथे जाऊन बसल्या. मशीनकडे नाही, माणसांकडे बघत.

त्यांना काय दिसलं? आधी शिक्षकांचा बराचसा वेळ पुढच्या बाकांवरच्या, हात वर करणाऱ्या मुलांकडे जायचा. कॉम्प्युटर आल्यावर हुशार मुलं आपापली पुढे जायला लागली आणि शिक्षक अडलेल्या मुलांशेजारी जाऊन बसायला लागले. मुलांना विचारलं तर म्हणाली, शिक्षकांची मदत कॉम्प्युटरपेक्षा चांगलीच असते. पण कॉम्प्युटरला विचारताना सगळ्या वर्गासमोर लाज वाटत नाही. ज्यांनी फळ्यासमोर उभं राहून घाम पुसलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुढे याच गटानं बीजगणिताचा अभ्यासक्रम तयार केला. आठवड्यातले तीन दिवस वर्गात शिक्षक, दोन दिवस कॉम्प्युटर. रँड या संस्थेनं सात राज्यांतल्या १४७ शाळांत त्याची मोठी चाचणी घेतली, निकाल आला २०१४ मध्ये. पहिल्या वर्षी फरक काय? काहीच नाही. दुसऱ्या वर्षी मात्र हायस्कूलमध्ये ५० व्या जागेचं मूल ५८ व्या जागी. सॉफ्टवेअर तेच होतं. मला वाटतं, एका वर्षात शिक्षकांना त्याच्याबरोबर कसं काम करायचं ते उमगलं असणार. आपल्याकडे पहिल्याच सत्राला "काही उपयोग नाही" म्हणून खोलीला कुलूप लागतं.

आता भारतात या. आपल्याकडे १९८४ मध्ये केंद्र सरकारनं शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला होता, ब्रिटनच्या बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरवर. पण मला थांबावंसं वाटतं ते वडोदऱ्यात. २००० साली गुजरात सरकारनं तिथल्या १०० महापालिका शाळांना प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले. दोन वर्षांनी बघितलं, तर फार थोड्या शाळांत मुलं ते वापरत होती. माझी कुलपाची खोली आठवली का?

मग 'प्रथम' ही संस्था पुढे आली, जी मूळ आपल्या मुंबईतली. चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका मशीनवर दोन मुलं, गणिताचे खेळ. मदतीला वस्तीतलीच थोडं प्रशिक्षण घेतलेली तरुण मंडळी. याचा हिशेब ज्यांनी ठेवला, त्यांच्यात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जाता जाता सांगतो, बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर.

निकाल? पहिल्या वर्षी ५० व्या जागेचं मूल साधारण ६४ व्या जागी, दुसऱ्या वर्षी ६८ व्या. पण पूर्ण सांगायचं तर दोन गोष्टी आणखी आहेत. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरानं फायद्यातला बराच भाग ओसरला. आणि याच अभ्यासात, मुंबईत आणि वडोदऱ्यात, 'बालसखी'चाही प्रयोग होता. वस्तीतली एक तरुण मुलगी, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायची. दुसऱ्या वर्षी तिच्यामुळे मूल ६१ व्या जागी गेलं. कॉम्प्युटरपेक्षा कमी, बरोबर. पण कॉम्प्युटरचा खर्च मुलामागे वर्षाला सुमारे १५ डॉलर आणि बालसखीचा सव्वादोन डॉलर! तेव्हा कुणी म्हणालं की मशीन हाच एकमेव उपाय आहे, तर त्यांना बालसखीची गोष्ट सांगा.

आणि आता तो प्रयोग, ज्यासाठी मी हा भाग केला. लीह लिंडेन... माफ करा, ली लिंडन, याच वडोदऱ्याच्या अभ्यासातले एक अर्थतज्ज्ञ. त्यांनी गुजरातमध्येच 'ज्ञानशाला' या संस्थेच्या शाळांत एकच सॉफ्टवेअर दोन प्रकारे वापरून बघितलं. काही शाळांत शिक्षकांच्या रोजच्या तासांपैकी एक तास काढून त्या जागी कॉम्प्युटर. काही शाळांत शिक्षकांचे तास जसेच्या तसे, आणि शाळेच्या वेळेबाहेर कॉम्प्युटर. सॉफ्टवेअर तेच. जिथे कॉम्प्युटर जास्तीचा होता, तिथे मूल ५० वरून ६१ व्या जागी. जिथे तो शिक्षकाच्या जागी होता, तिथे? साधारण २८ व्या जागी. वर नाही, खाली.

मी हे वाचलं आणि त्या रात्रीच ताईला फोन केला. म्हटलं, "मीटिंगमधल्या त्या विनोदाचं उत्तर मिळालं. बाईंना सुट्टी दिली तर मुलांचं नुकसान होतं, हे गुजरातेत मोजून झालंय."

ती म्हणाली, "बरं. पण मग मी टॅबचं करू काय ते सांग."

तर दिल्लीची गोष्ट सांगितली. २०१५ मध्ये 'माइंडस्पार्क' या सॉफ्टवेअरच्या शाळेनंतरच्या केंद्रांत कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. म्हणजे पुस्तक सहावीचं, पण डोक्यात पक्कं फक्त तिसरी-चौथीपर्यंतचं. रोज ४५ मिनिटं सॉफ्टवेअर आणि ४५ मिनिटं दहा-पंधरा मुलांच्या गटाला एक शिकवणारा माणूस. साडेचार महिन्यांत गणितात मूल ५० वरून ६४ व्या जागी, हिंदीत ५९ व्या. का? कारण सॉफ्टवेअर मुलाची इयत्ता बघत नव्हतं, ते मूल खरंच कुठे आहे ते बघत होतं. ज्यांना केंद्र मिळालं नाही त्यांच्यातली सगळ्यात मागची एक तृतीयांश मुलं त्या काळात गणितात जवळजवळ तसूभरही पुढे सरकली नाहीत. रोज शाळेत जाऊनसुद्धा.

आणि हो, शाळेच्या गणिताच्या परीक्षेत मात्र फारसा फरक दिसला नाही. स्वाभाविक आहे. तिसरीतून चौथीत पोचलेलं मूल सहावीच्या पेपरात नापासच दिसणार. पण ते पुढे गेलेलं असतं.

ताईनं यातून आपलं आपणच ठरवलं. बारा टॅब, ३४ मुलं, तीन गट. एक गट टॅबवर, एक आपापसात सराव करणारा, एक तिच्यासमोर जमिनीवर गोल करून. टॅब तिच्या तासात, पण तिच्या जागी नाही. तीन आठवड्यांनी तिचा पुन्हा फोन आला. आवाज जरा वेगळा होता.

"अरे, एक मुलगी आहे माझ्याकडे. शांत. वही एकदम स्वच्छ. फळ्यावरचं सगळं नीट उतरवून घेते. मला वाटायचं, हिचं छान चाललंय. टॅबनं तिला तिसरीच्या वजाबाकीवर नेऊन ठेवलंय. हातच्याची वजाबाकी येत नाही तिला. जूनपासून माझ्यासमोर बसते रे ती. मला कळलंच नाही."

मी काही बोललो नाही. मला माझे अपूर्णांक आठवत होते.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार? टॅब तीच गणितं पुन्हा पुन्हा देत होता, ती पुन्हा पुन्हा चुकत होती. मी काड्या काढल्या. दहा-दहाचे गठ्ठे. एक गठ्ठा तिला सोडायला लावला. दोन दिवस गेले. मग टॅबवर बसवलं. आता येतंय."

शंभर वर्षांपूर्वी प्रेसींना हेच हवं होतं, नाही का? उजळणी यंत्रानं घ्यावी आणि बाईंना त्या मुलीकडे बघायला वेळ मिळावा. ताईला मी एकच गोष्ट बजावून सांगितली, की पहिल्या वर्षी निकाल दिसला नाही तरी टॅब कपाटात ठेवू नकोस. ती म्हणाली, "कपाटाची किल्ली माझ्याकडेच आहे."

तर मंडळी, आजच्यापुरतं इथेच थांबतो. तुमच्या शाळेतली कॉम्प्युटरची खोली कशी होती? उघडी असायची की बंद? आणि तुमचं असं कुठलं गणित होतं, जे कुणालाच कळलं नाही की तुम्हाला येत नाही? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि तुमच्या ओळखीत कुणी शिक्षक असेल, तर हा भाग त्यांच्यापर्यंत नक्की पोचवा. भेटूया!